ओएल म्हणजे शून्य नाही

१० जून
नवा मदतनीस आला. अमळनेरकडचा, आयटीआय झालेला. उधन्याला मामाकडे राहतो. मला नाना म्हणतो.

११ जून
जेट मशीनच्या कंट्रोलरवर वर ११८, खाली १३०. पोरानं विचारलं, "नाना, खरं कोणतं?" वरचं पीव्ही, आत्ता आत आहे ते तापमान. खालचं एसव्ही, आपण लावलेलं. पॉलिएस्टर रंगवायला १३० लागतंच. जरा थांबून म्हणाला, "मग दोन्ही खरे." आवडलं.

१३ जून
पाऊस. पॅनलरूमच्या भिंतीला ओल.

१४ जून
पंप बंद पडला. मी खाली वाकून पेचकस शोधत होतो. पोरानं मीटर लावला. "शून्य आहे, नाना." मान वर केली तर पडद्यावर ओएल, नॉब २०० व्होल्टवर, लाइन ४१५ची. त्याची बोटं स्टार्टरपर्यंत पोचलेली. शर्ट धरून ओढला. दोघंही खाली बसलो. बराच वेळ.

रात्री
झोप नाही. त्या पडद्यावर ओ आणि शून्य अगदी सारखे. सात काड्या, मधली विझलेली. माझ्या पहिल्या मीटरवर अशा वेळी डावीकडे नुसता १ यायचा. तो शून्य तरी वाटत नव्हता.
पीव्ही शिकवला, ओएल नाही. चूक माझी.

१६ जून, रविवार
त्याला घरी बोलावलं. मीटर हातात देऊन नॉब फिरवायला लावला. ओमवर, पिना मोकळ्या: ओएल. म्हणजे वाट तुटलेली. व्होल्टवर ओएल: दाब मापाबाहेर, जीव घेण्याइतका असू शकतो. अक्षरं तीच, आधी नॉब बघ. मग होल्ड. ते बटण चुकून दाबलं गेलं की मघाचा आकडा गोठतो. लाइन जिवंत, पडद्यावर जुनं शून्य.
त्यानं सगळं वहीत उतरवलं. चहा तसाच राहिला.

१७ जून
जेवणाच्या सुट्टीत त्याच्या आईचा फोन. "बरं शे, माय," एवढंच बोलला. मी डबा उघडला नाही.

१९ जून
पुन्हा तोच पंप. मेन स्विच पाडला, कुलूप लावलं, किल्ली माझ्या खिशात. मी मागे उभा राहिलो, बोललो नाही.
त्यानं नॉब ६००वर नेला. होल्ड पाहिलं. आधी शेजारच्या चालू प्लगमध्ये पिना घातल्या: २३८. मग स्टार्टरवर, तिन्ही फेज, एकेक करून: ०. परत प्लगमध्ये: २३७.
मग माझ्याकडे बघितलं.