चालण्याचा हक्क आणि आपली मोटारसायकल

यंदा भीमजयंतीनिमित्त आम्ही डीजेचा खर्च कमी करून विहारात रक्तदाब आणि साखर तपासणीचे शिबिर घेतले. यादी करायला बसलो तेव्हा धक्का बसला. साखर वाढलेल्यांत तिशी-पस्तिशीतले कार्यकर्तेही होते, आमचेही नाव होते. डॉक्टर म्हणाले, "रोज अर्धा तास चाला."

रांगेतल्या धुणीभांडी करणाऱ्या मावशी हसल्या. "मी सकाळपासून चार बिल्डिंगी चालतच फिरले डॉक्टर. साहेब लोक बागेत चालतात. आम्ही रस्त्यानं चाललो की गाडीवाले हॉर्न मारतात."

त्या रात्री विहारात यावरच चर्चा झाली.

चालणे ही आपल्या समाजासाठी कधीच साधी गोष्ट नव्हती. 1924 चा वायकोम सत्याग्रह मंदिराभोवतीच्या रस्त्यांवरून अस्पृश्यांना चालता यावे, एवढ्यासाठी झाला. 20 मार्च 1927 रोजी महाडला बाबासाहेबांसोबत आपले लोक चालतच चवदार तळ्यावर गेले. संविधानाच्या कलम 15(2) मध्ये विहिरी, तलाव यांच्या बरोबरीने रस्त्यांचाही उल्लेख आहे, तो उगाच नाही. 1979 ला नामांतरासाठी दीक्षाभूमीवरून लाँग मार्च निघाला. त्यात चाललेले एक काका आमच्या वस्तीत राहतात. आज त्यांना समोरच्या मेडिकलमध्ये जायला रस्ता ओलांडण्याची भीती वाटते. एकेकाळी पोलिसांच्या लाठीला न घाबरलेला माणूस डिव्हायडरपाशी हात धरायला कुणी येते का, याची वाट पाहत उभा असतो.

हा प्रश्न फक्त म्हातारपणाचा नाही. 2022 मध्ये देशात रस्ते अपघातांत सुमारे 1 लाख 68 हजार माणसे मेली. त्यात जवळपास पाचातला एक पायी चालणारा होता. पायी कोण चालतो? ज्याच्याकडे गाडी नाही तो. रस्ता रुंद करताना फुटपाथ कुणासाठी कापला जातो, हे वेगळे सांगायला नको. मावशींना "चाला" म्हणणे ही थट्टा आहे. त्यांना वेळेवर बस हवी, सावली हवी आणि जीव मुठीत न धरता चालता येईल असा फुटपाथ हवा.

पण सगळा दोष व्यवस्थेवर टाकून आम्ही मोकळे होणार नाही. विहार आमच्या घरापासून पाच मिनिटांवर आहे आणि आम्ही गाडीवर जातो. आमचे वडील आयुष्यभर सायकलवर कारखान्यात गेले. आम्ही हप्त्यावर मोटारसायकल घेतली तेव्हा त्यांनीच तिला हार घातला. त्या गाडीत मान होता, हे आम्ही नाकारत नाही. पण चालणारा म्हणजे गरीब, हा विचार आपला नाही. तथागतांनी 45 वर्षे पायी चारिका करून धम्म सांगितला. अंगुत्तर निकायात चंक्रमणाचे पाच फायदे सांगितले आहेत. प्रवासाची ताकद, परिश्रमाची क्षमता, आरोग्य, अन्नाचे पचन आणि टिकणारी एकाग्रता. जागतिक आरोग्य संघटना आज प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम व्यायाम सांगते. भरभर चालणे त्यातच येते.

म्हणून आम्ही ठरवले आहे. विहारात पायी किंवा सायकलने यायचे. पौर्णिमेला वस्तीतून सगळ्यांनी मिळून चालायचे आणि चालताना कुठे फुटपाथ नाही, कुठे दिवा नाही, कुठे झाकण उघडे आहे, ते लिहून घ्यायचे. ती यादी नगरसेवकापुढे ठेवायची. सुरक्षित फुटपाथ हा कलम 21 खालील हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये म्हटले आहे, ते निवेदनात लिहायचे. मात्र फुटपाथच्या नावाखाली भाजीवाल्या ताईची टोपली उचलू द्यायची नाही. तिच्यासाठी पथविक्रेता कायदा 2014 आहे. चालणारा आणि टोपलीवाली, दोघेही आपलेच आहेत.

साखरेच्या गोळ्या आम्ही घेतोच आहोत. पण आपल्या माणसांनी लढून मिळवलेल्या रस्त्यावरून आपल्यालाच चालता येत नसेल, तर त्यावर औषध डॉक्टरकडे नाही. ते संघटनेत आहे.

जय भीम!