रतनपुरी दोन दिवस

सेवानिवृत्तीनंतर परदेश पाहून यावा, अशी आमच्या वयाच्या मंडळींत आता रीतच पडली आहे. आम्हां उभयतांसाठीही मुलांनी रोम आणि अथेन्सचा बेत आखला होता. गुडघे आणि डॉक्टर या दोघांनी एकमताने विरोध केल्यामुळे तो बारगळला. जुनी राजधानीच पाहावयाची, तर ती आपल्या प्रांतातील का असू नये, असा विचार करून आम्ही भाद्रपदाच्या अखेरीस कुम्हारीहून लोकलने रायपूर, तेथून बिलासपूर आणि पुढे सुमारे पंचवीस किलोमीटर मोटारीने रतनपूर गाठले. सोबत दशम्या, औषधांची पिशवी आणि घरातला एक जुना वाद होता. कुम्हारीचे घर विकून पुण्यास मुलाजवळ जावे, असे सौभाग्यवतींचे म्हणणे; येथेच राहावे, असे आमचे. घरास गिऱ्हाईक आले होते आणि दसऱ्यापर्यंत त्याला उत्तर द्यावयाचे होते.

रतनपूर ही कलचुरींची राजधानी. अकराव्या शतकात पहिल्या रत्नदेवाने तुम्माण सोडून ती येथे आणली. महामायेचे प्रसिद्ध मंदिर त्याच्याच नावाशी जोडलेले आहे. किल्ल्याची भग्न द्वारे, कंठी देऊळ आणि जिकडेतिकडे तलाव, असे हे गाव आहे. रोमचे वैभव येथे नाही हे खरे. पण तळ्याच्या पायरीवर बसून स्वस्थपणे दशमी खाण्याची सोय रोममध्ये कितपत असेल, याची आम्हांस शंका आहे.

मराठी माणसाने मात्र या गावात थोडी मान लववूनच शिरावे. १७४१ मध्ये नागपूरच्या रघूजी भोसल्यांचे सेनापती भास्करपंत कोल्हटकर येथे फौज घेऊन आले. त्या वेळी वृद्ध राजा रघुनाथसिंह पुत्रशोकाने खचलेला होता, असे इतिहासकार लिहितात. राजधानी पडली, पंत बंगालकडे निघून गेले आणि १७४४ मध्ये तिकडेच मारले गेले. पडक्या दरवाजापाशी हा इतिहास आम्ही काहीशा अभिमानाने सांगू लागलो, तेव्हा सौभाग्यवती म्हणाल्या, "पोर गेलेल्या म्हाताऱ्यावर चालून जायचं, यात कसला हो पराक्रम?" यावर उत्तर नव्हते.

पुढे १७५८ मध्ये रघूजींचे पुत्र बिंबाजी येथे आले. तेही वसुलीचे धनी होतेच. परंतु ते येथे राहिले. नागपूरकडे डोळे लावून दिवस मोजणाऱ्यांपैकी ते दिसत नाहीत. टेकडीवर त्यांनी रामाचे मंदिर बांधले. त्या रामटेकरीचे नाव ऐकताच नागपूरजवळचे रामटेक आठवल्यावाचून राहत नाही. त्यांच्या दरबारी मराठी भाषा आणि मोडी लिपी आली. दसऱ्यास सोने वाटण्याची चाल या मुलखात त्यांनीच घातली, असे सांगतात. १७८७ मध्ये येथेच त्यांचा अंत झाला. त्यांच्यामागून व्यंकोजी भोसल्यांनी नागपुरास राहून सुभेदारांकरवी कारभार केला. पुढे १८१८ मध्ये इंग्रजांच्या हाती सूत्रे गेली, मुख्य ठाणे रायपूरला हलले आणि रतनपूर मागे पडले.

रामटेकरीच्या पायऱ्यांवर दम खात असता आम्ही आमची बाजू मांडण्यास प्रारंभ केला. रोम पाहणे राहिले, तरी रोमचा दाखला तयार होता. ऑगस्टसने इसवी सनापूर्वी २५ मध्ये सेवा पुरी झालेल्या सैनिकांसाठी स्पेनमध्ये एक नगरच वसविले. आजचे मेरिदा ते हेच. त्याच्या नावातच निवृत्तांचा निर्देश आहे. ज्या मुलखात चाकरी झाली, तोच त्यांनी आपला मानला. आपणही तसेच का करू नये?

"त्या शिपायांच्या बायकांना कुणी विचारलं होतं का?" सौभाग्यवतींनी विचारले. मग त्या शांतपणे बोलू लागल्या. बदलीच्या प्रत्येक गावी त्यांनीच नव्याने चूल मांडली होती. शेजार जोडला आणि तो सोडलाही होता. आता रात्रीबेरात्री छातीत दुखू लागले, तर हाक कोणाला मारावयाची, एवढाच त्यांचा प्रश्न होता. आमच्या इतिहासात त्याचे उत्तर नव्हते. आम्ही बराच वेळ गप्प राहिलो.

खाली उतरल्यावर फुले विकणाऱ्या एका म्हातारीने त्यांना विचारले, "कोन गाँव ले आए हव, दाई?" असा प्रश्न आला की आजवर सौभाग्यवती पुण्याचे नाव सांगत आल्या आहेत. या खेपेस त्या सहज म्हणाल्या, "कुम्हारी." म्हातारीने मान डोलावली आणि दोन फुले जास्त घातली. आम्ही त्यावर काही बोललो नाही. तेवढे शहाणपण संसाराने आम्हांस शिकविले आहे.

परतीच्या गाडीत निर्णय त्यांनीच सांगितला. घर तूर्त विकावयाचे नाही. पावसाळ्याचे चार महिने पुण्यास काढावयाचे, उरलेले कुम्हारीस. रात्रीच्या हाकेसाठी पलीकडच्या घरी आपली किल्ली ठेवावयाची. आणि दोघांपैकी एकच उरेल, तेव्हा त्याने वाद न घालता मुलाकडे जावयाचे. दसऱ्यास शेजारी सोनपत्ती देण्यास आला, तेव्हा आम्ही किल्ली त्याच्या हाती दिली आणि गिऱ्हाइकास नकार कळविला. शेवटची अटही आम्ही मान्य केली आहे.