सहा शतांश इंच

चिपळूणच्या आसपास शेतीसंरक्षणाची बंदूक ही काही नवलाची वस्तू नव्हे. रानडुकरे आणि वानरे यांच्यापायी बागाइतदाराला ती लागतेच. रिव्हॉल्व्हर मात्र आम्ही पाहिले ते फौजदाराच्या कमरेला. तसले रिव्हॉल्व्हर सामान्य नागरिकाला विकत घेता येईल काय, या प्रश्नाचे उत्तर नळीच्या व्यासात दडलेले आहे.

१९५९चा शस्त्र कायदा आणि त्याखालील नियम यांमुळे नागरिकाच्या वाट्याला येते ते बहुधा ०.३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर. ०.३८ बोअर निषिद्ध, कारण ते पोलिस-लष्कराच्या वापरातले. निषिद्ध बोअरचा परवाना केंद्रीय गृहमंत्रालयाच्या हाती, एरवीचा जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या. शासन आणि प्रजा यांच्यातले अंतर असे सहा शतांश इंच भरते! १८७८च्या कायद्याच्या अमलात हीच रेघ वर्णावरून ओढलेली होती: एतद्देशीयांना परवान्याची सक्ती, युरोपीयांना सूट. पुढे वर्ण गेला, रेघ उरली.

२०१४ साली कानपूरच्या सरकारी कारखान्याने स्त्रियांसाठी म्हणून ‘निर्भीक’ आणले. बोअर अर्थातच ०.३२, किंमत तेव्हा सुमारे १ लाख २२ हजार रुपये. घरोघरी शस्त्रे असावीत असे आम्हांस मुळीच वाटत नाही. ही रेघ पुसावी असेही नाही. परंतु परवाना मागणाऱ्याला आपले भय आधी अर्जावर पटवून द्यावे लागते, आणि मग पैसेही मोजावे लागतात. रात्रपाळी करून एकटीने घरी परतणाऱ्या बाईला यांतले काय जमावे? तिच्यासाठी ‘निर्भीक’ हे केवळ एक विशेषण राहते.