स्वस्तातली लेथ

रविवार. वसमतला विकायला निघालेल्या जुन्या लेथचा विचार डोक्यातून जात नाही. किंमत नवीच्या निम्म्याहून कमी आणि वर ताजा हिरवा रंग. त्या रंगाचाच संशय येतो. बेड झिजतो तो चकजवळ, कारण बहुतेक काम तिथेच होतं. रंगाने ती झीज भरत नाही.

आमच्या भागातलं काम हळदीचं. पॉलिश ड्रमचा शाफ्ट, त्यावर बेअरिंगची बैठक. तिथे काही शतांश मिलिमीटरची चूकही बेअरिंगला बैठकीवरच सैल फिरवते, आणि ऐन हंगामात ड्रम थांबला की शेतकरी दारात उभा. मग वाचलेले पैसे कुठे राहिले?

राजकोट किंवा बटाल्याची नवी हलकी लेथ घ्यावी, तर वजन कमी म्हणून खोल काप घेताना थरथरते. हरिहरला 1941 मध्ये सुरू झालेल्या म्हैसूर किर्लोस्करच्या लेथला जुने मिस्त्री अजून नावाजतात. पण चांगली राहिलेली कोण स्वस्तात सोडणार? शिवाय थ्री फेजची जोडणी, पाया, चक, टूल यांचा खर्च वेगळाच. चकवर गार्ड नसेल तर तोही बसवायचा. फिरता चक सैल बाही ओळखत नाही.

तेव्हा मायक्रोमीटर घेऊन जायचं. एक जाड सळई टेलस्टॉकचा आधार न देता, कापाची खोली न बदलता दोन्ही टोकांना कापून मोजायची. मापात फरक निघाला किंवा मालकाने मशीन चालवून दाखवायला नकार दिला, तर व्यवहार नाही.