खळीच्या बुटाची बाजू मी का सोडली

बॅलेत बोटांच्या टोकांवर नाचण्यासाठी घालतात त्या पॉइंट शूजचा विषय निघाला की मी वर्षानुवर्षं एकच बाजू घेत आले. बूट हवा तो कारागिराच्या हातचा, गोणपाट-कागद-खळीचा. प्लास्टिकचा बूट म्हणजे कलेशी लबाडी. ती बाजू मी आता सोडली आहे.

हातच्या बुटावरचं प्रेम मात्र तसंच आहे. लंडनची 'फ्रीड' कंपनी 1929 पासून हे बूट बनवते. तिथे बूट आधी उलटा शिवतात. बोटांभोवतीचा कडक भाग, म्हणजे 'बॉक्स', गोणपाट आणि कागदाचे थर पिठाच्या खळीने चिकटवून घडवतात. टोकाशी साटिनच्या बारीक चुण्या घालून त्या मेण लावलेल्या दोऱ्याने पक्क्या करतात, मग बूट सुलटा करून ठोकून आकार देतात आणि भट्टीत वाळवतात. आत लाकूड नाही, लोखंड नाही. डावा-उजवा असा भेदही नाही. तळाला कारागिराची खूण असते: घंटा, मासा, मुकुट. कित्येक नर्तिका आपल्या खुणेचा कारागीर वर्षानुवर्षं सोडत नाहीत.

पण खळ ती खळच. घामाने ती मऊ पडते आणि मोठ्या भूमिकेत एक जोड एका प्रयोगात निकामी होऊ शकतो. नवा जोड पायात घालण्याआधी नर्तिका तो जमिनीवर आपटते, तळ वाकवते, टोकाला टाके घालते, फिती स्वतः शिवते. या सगळ्याला मी साधना म्हणत असे. प्रेक्षकांत बसून दुसऱ्याच्या पायाच्या दुखण्याला साधना म्हणायला काही लागत नाही.

1993 साली न्यूयॉर्कच्या 'गेनॉर मिंडेन' कंपनीने बॉक्स आणि तळ लवचीक पॉलिमरचे असलेला बूट आणला. तो लवकर मऊ पडत नाही आणि जास्त टिकतो. पायाचं काम बूटच करतो, असा काही शिक्षकांचा आक्षेप होता. मीही तोच उगाळत असे.

माझं मत फिरलं ते इतिहासामुळे. अठराव्या शतकात पॅरिसची नर्तिका मारी कामार्गो हिने टाचेचा बूट सोडला, असं सांगितलं जातं. 1832 साली 'ला सिल्फीद' या बॅलेत मारी तालिओनी बोटांच्या टोकावर तरंगली ती मऊ साटिनच्या सपातांत. कडा आणि टोकाला घातलेले टाके, एवढाच तिचा आधार. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इटालियन नर्तिकांचे बूट अधिक कडक, सपाट टोकाचे झाले. पिएरिना लेन्यानीने 1895 च्या 'स्वान लेक'मध्ये एका पायावर सलग 32 गिरक्या घेतल्या त्या अशाच बुटांवर. पुढे मुंबईतही नाचून गेलेल्या रशियन नर्तिका आना पावलोवाने आपल्या नाजूक, उंच कमानीच्या पायांसाठी तळाला चामड्याचा आधार घेतला आणि टोक रुंद केलं. तेव्हाही काहींनी ती लबाडी ठरवली. फोटोत टोक निमुळतं दिसावं म्हणून ती ते रीटच करून घेई, असंही म्हणतात.

म्हणजे मी जिची राखण करत होते ती परंपरा, कालच्या लबाड्या पचवतच उभी राहिली. रंगाचंही तेच. गुलाबी साटिन हा युरोपीय गोऱ्या त्वचेचा रंग. सावळ्या-काळ्या नर्तिका कित्येक वर्षं बुटांना मेकअप फासून आपला रंग आणत. 2018 मध्ये 'फ्रीड'ने 'बॅले ब्लॅक' या लंडनच्या नृत्यसंस्थेसोबत तपकिरी छटांचे बूट काढले. परंपरा त्याने बुडाली नाही.

खळीच्या बुटाचे कारागीर टिकावेत, असं मला आजही मनापासून वाटतं. ज्या नर्तिकेच्या पायाला तो बूट मानवतो तिने तोच घालावा. पण पॉलिमरचा बूट घालणारीला कमी लेखायचा हक्क आम्हा प्रेक्षकांना नाही आणि शिक्षकांनाही नाही. वजन तिचं, बोटं तिची; बुटाची निवडही तिचीच असायला हवी.