नौतपा आणि ग्रँड पियानो

रायपूरच्या मराठी घरात वाद्य म्हणजे पेटी. चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळाचा गणपती असो की तात्यापाऱ्यातले भजन, कुणीतरी पेटी काखोटीला मारून आणतो, भाता हलू लागतो, आणि काळी एक की पांढरी चार एवढाच प्रश्न उरतो. त्यामुळे भाच्याने ‘मामा, मुलीसाठी ग्रँड पियानो घ्यायचाय, कोणता घेऊ?’ असे विचारले, तेव्हा मी आधी त्याच्याकडे पाहिले आणि मग खिडकीकडे. खिडकीत कूलर घरघरत होता आणि बाहेर नौतपा चालू होता.

पियानो घेणारा पहिल्यांदा कंपनीचे नाव विचारतो, मग लांबी, मग किंमत. रायपुरात हा क्रम चालत नाही. इथे आधी हवा विचारावी लागते. मेअखेरीस सूर्य रोहिणीत शिरून नौतपा लागला की पारा पंचेचाळीस अंशांकडे सरकतो, आणि हवा इतकी कोरडी होते की वाळत घातलेला पंचा दोन मिनिटांत कडक. मग आपण कूलरला पाणी पाजतो. संध्याकाळी खोलीतली गादीसुद्धा दमट लागते. कूलर बंद केला की पुन्हा कोरड. आणि ही तगमग संपते न संपते तोच आषाढ येतो आणि दारे चौकटीत अडकायला लागतात.

दार अडकते ते लाकूड फुगते म्हणून. पियानोचा प्राण म्हणजे त्याचा साउंडबोर्ड, स्प्रूसच्या लाकडाची जेमतेम सेंटिमीटरभर जाडीची फळी. सव्वादोनशेच्या आसपास तारा असतात आणि त्या सगळ्यांचा मिळून ताण अठरा-वीस टन भरतो. तो बिडाच्या चौकटीने पेललेला असतो, पण सूर शेवटी त्या फळीवरच उभा. दमट हवेत ती फुगते, सूर चढतो. कोरड्या हवेत आकसते, सूर उतरतो. हे वर्षानुवर्षे चालले की फळीला तडे जातात, तारांच्या खुंट्या सैल होतात आणि मग कितीही पिळले तरी सूर ठरत नाही. या वाद्याला वर्षभर पन्नास टक्क्यांच्या आसपास आर्द्रता हवी. आमचे शहर ती फुकट देत नाही. म्हणून भाच्याला मी पहिली अट सांगितली: पियानोच्या खोलीत कूलर नाही. एसी हवा, तोही पाहुणे आले म्हणजे लावायचा नाही, रोज नेमाने. हे जमणार नसेल तर पुढची चर्चा व्यर्थ.

जमणार असेल तर लांबीचे बोलू. यामाहाचा सगळ्यात छोटा ग्रँड १५१ सेंटिमीटरचा, स्टाइनवेचा मैफिलीचा ग्रँड २७४ सेंटिमीटरचा आणि जवळपास ४८० किलोचा. हा दुसरा आपल्या कामाचा नाही, त्याला सभागृह लागते. पण पहिलाही माझ्या मते घेऊ नये. खर्जाच्या तारा जितक्या लांब तितका खर्ज मोकळा. आखूड पियानोत तीच खोली गाठायला तारा जाड कराव्या लागतात आणि आवाज घुमणारा, गढूळ होतो. त्यापेक्षा १३१ सेंटिमीटर उंचीचा चांगला उभा पियानो खर्जाला सरस ठरतो, जागाही कमी खातो. दिवाणखान्यात झाकण उघडून ठेवले की छोटा ग्रँड दिसतो मात्र झकास, आणि बरेचसे छोटे ग्रँड त्या दिसण्यासाठीच विकले जातात. ग्रँडचे खरे मोठेपण हातोड्यांत आहे. ते खालून वर जाऊन तारेवर आदळतात आणि आपल्याच वजनाने परततात. पॅरिसच्या एरार यांनी १८२१ मध्ये जी यंत्रणा काढली तिच्यामुळे पट्टी पूर्ण वर येण्याआधीच पुन्हा वाजवता येते. मुलगी त्या वेगाला पोचली असेल तर १८० सेंटिमीटरच्या पुढचा ग्रँड घ्यावा. अजून सा रे ग म बसवत असेल तर थांबावे.

आणि ती नक्की काय वाजवणार? हा प्रश्न कुणी विचारत नाही. रायपूरहून जवळच खैरागढ आहे, तिथले संगीत विद्यापीठ १९५६ पासूनचे. आपले श्रीकृष्ण रातंजनकर तिथे कुलगुरू होते. ती वाट धरायची असेल तर पियानो मींड देत नाही, आणि त्याचा गंधार तंबोऱ्याशी भांडतो. या भांडणापायी सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिले, क्लेमंट्स नावाच्या आयसीएस साहेबाच्या जोडीने श्रुतींची पेटी करवली, आणि १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत तिच्यावर टीका झाली. पट्ट्यांच्या वाद्याकडून श्रुती काढून घेण्याचा मराठी माणसाचा हट्ट जुना आहे. पियानोकडे मात्र तो हट्ट घेऊन जाऊ नये. बाख वाजवायचा असेल तर पियानो, यमन आळवायचा असेल तर तंबोरा.

बुढापाऱ्यातल्या जुन्या घरांची दारे अरुंद, याची भाच्याला काळजी होती. ती सोडावी. ग्रँडचे पाय काढतात आणि तो कुशीवर उभा करून आत नेतात. दार पुरते, जिन्याचे वळण पुरत नाही. काळजी करायची तर कसरीची करावी. हातोड्यांवर लोकरीचा फेल्ट असतो आणि कपाटातल्या शालीला लागते तीच कसर त्यालाही लागते. उंदराला तर तो फेल्ट बाळंतपणासाठी पसंतच पडतो. आणि वाळवीचे रायपूरकराला मी काय सांगू!

राहिला ट्यूनर. जुनी पियानोची शहरे मुंबई आणि कोलकाता. धोबी तलावचे फुर्टाडोज १८६५ पासूनचे. आपण मुंबई-हावडा रेल्वेमार्गावर मधोमध बसलो आहोत, एवढेच समाधान. माणूस येईल, पण त्याचे तिकीट, मुक्काम आणि मानधन हा दर वर्षीचा खर्च किमतीत आधीच धरा. वर्षातून दोनदा तरी सूर लावावे लागतात. पाऊस लागताच त्याला बोलावू नका, हवा बदलत असताना लावलेले सूर टिकत नाहीत. एकदा दिवाळी उलटून हवा कोरडी झाल्यावर आणि दुसऱ्यांदा पावसाची हवा नीट स्थिरावल्यावर बोलवा, आणि त्याआधी तीन आठवडे एसी एकाच अंशावर ठेवा.