संतुलित आहार

आमचा भाचा श्रीपाद डेन्मार्कात आहारतज्ज्ञ आहे. एवढं वाक्य आमची अक्का, म्हणजे त्याची आई, लग्नकार्यात, बसस्टॉपवर आणि भाजीच्या गाडीशी सारख्याच ठसक्यात म्हणते आणि नेमकी तिथेच थांबते. कारण पुढचा प्रश्न असतो, "कुणाच्या आहाराचा?" आणि उत्तर असतं, डुकरांच्या. या एका प्रश्नाने त्याची तीन चांगली स्थळं परत गेली. चौथीने तो विचारलाच नाही. ती आता आमची भाचेसून.

डेन्मार्कात म्हणे माणसांपेक्षा डुकरं जास्त. आमच्या मागच्या नाल्याचा दीर्घ अनुभव असलेल्या शेजारच्या अण्णांना यात विशेष काही वाटलं नाही. पण नाल्यातलं डुक्कर आणि श्रीपादचं डुक्कर यांत फरक आहे. नाल्यातलं मिळेल ते खातं, श्रीपादचं लिहून दिलेलं खातं! २५ किलोचं असताना एक खुराक, ६० किलोचं झाल्यावर दुसरा, शंभरीकडे झुकलं की तिसरा. साधारण अडीच ते तीन किलो खाद्यामागे अंगावर एक किलो चढलाच पाहिजे. नाही चढला तर श्रीपादला जाब विचारतात. माझं वजन खाद्याशी कसलंही नातं न ठेवता वाढतं. तो जाब कुणाला विचारायचा?

यंदा रजेवर आला तेव्हा त्याने मला हे शास्त्र समजावलं.

"मामा, पिंपाची कल्पना करा. सगळ्या फळ्या उंच, एकच आखूड. पाणी किती राहील?"

"नळाला येईल तेवढं."

"तसं नाही हो! आखूड फळीइतकंच. मका, गहू, बार्ली खाणाऱ्या डुकराची ती आखूड फळी म्हणजे लायसिन."

लायसिन हे प्रथिनातलं एक अमिनो आम्ल. ते कमी पडलं की बाकीची प्रथिनं नुसती रांगेत उभी राहतात आणि शेवटी बाहेर पडतात. डुकराने खाल्लेल्या नत्रापैकी जेमतेम तिसरा हिस्सा अंगी लागतो. उरलेलं मलमूत्रातून जातं. त्याचा अमोनिया होऊन हवेत मिसळतो, नायट्रेट होऊन विहिरीत उतरतो. म्हणून आता सोयाबीनची पेंड थोडी कमी करतात आणि टनामागे तीन-चार किलो शुद्ध लायसिन घालतात. प्रथिनाचं प्रमाण एका टक्क्याने उतरवलं, की बाहेर पडणारं नत्र ८ ते १० टक्क्यांनी उतरतं. डुक्कर तेवढंच वाढतं, विहीर वाचते.

"आणि गंमत सांगू? तांदळात लायसिन कमी, डाळीत भरपूर. डाळीत मेथिओनिन कमी, ते तांदळात. म्हणजे वरणभात!"

आमच्या आजीने लायसिनचं नाव ऐकलं नव्हतं. पण वरणाशिवाय भात तिने जन्मात कुणाला वाढला नाही.

मग फॉस्फरस. धान्यातला बराचसा फॉस्फरस फायटेट नावाच्या कुलपात बंद असतो आणि डुकराच्या पोटात त्याची किल्ली नसते. पूर्वी वरून वेगळा फॉस्फरस घालायचे. कुलपातला तसाच शेणखतातून ओढ्यात जायचा आणि ओढे शेवाळाने हिरवेगार व्हायचे. मग १९९१ साली नेदरलँड्समध्ये फायटेज नावाचं विकर बाजारात आलं. तीच किल्ली. चिमूटभर घातलं की कुलूप उघडतं.

"मटकीला मोड येताना हेच विकर आतल्या आत जागं होतं," श्रीपाद म्हणाला. आजीच्या खात्यावर आणखी एक शोध जमा झाला.

वाढीसाठी खाद्यात अँटिबायोटिक मिसळणं तर युरोपात २००६ पासून बंद आहे. आमच्या चाळीत साध्या शिंकेला अँटिबायोटिक घेतात. आम्ही डुकरं नसल्यामुळे आम्हाला कुणी अडवत नाही.

"पण उष्टंखरकटं घालून डुक्कर पोसतात ना?" मी विचारलं.

"छे! २००१ साली ब्रिटनमध्ये लाळ्या-खुरकताची साथ आली, ती उष्ट्यातूनच शिरली असं मानतात. तेव्हापासून तिथे आणि पाठोपाठ युरोपभर स्वयंपाकघरातलं उरलेलं डुकरांना घालायला कायद्याने बंदी आहे."

हे चाललं होतं तेव्हा आमची पानं वाढून, जेवून, उचलून झाली होती आणि श्रीपादची मामी नुकतीच बसली होती. पानात कालची पोळी, पातेल्याला चिकटलेला भात आणि वरणाचं नुसतं वरचं पाणी. डाळ आमच्या पानांत संपली होती. श्रीपाद बोलता बोलता थांबला. त्याच्या धंद्यात पान बघायची सवय असते.

"मामी, तू रोज हेच जेवतेस?"

"टाकायचं का मग अन्न?"

"अगं, यात लायसिन नाही, लोह नाही. आमच्याकडे डुकराला असं दिलं तर माझी नोकरी जाईल!"

मामीने भाताचा घास कालवला.

"तुझ्या डुकराला किलोमागे भाव मिळतो रे, बाळा," ती म्हणाली. "मला कोण देतोय?"

श्रीपाद चार देश हिंडलेला माणूस. टनात तीन किलो काय घालायचं ते त्याला झोपेत सांगता येतं. पण यावर त्याला काही बोलता आलं नाही. तो उठला, कुकर शोधला आणि वाटीभर डाळ धुऊन शिजत लावली.

"अरे, आता कोण खाणार एवढं?" मामी ओरडली.

"तू," तो म्हणाला. "आणि आम्ही सगळे बघत बसणार."